पडद्याची ट्रॉली

खानदेशात जाऊन आल्यापासून लोक मला दोनच गोष्टी विचारतात. ऊन किती होतं, आणि शेवभाजी खाल्ली का? उन्हाचं विचारूच नका, आणि शेवभाजी खाल्ली. पण तिथे मी जे पाहिलं त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण तसलं काही विचारायचं असतं हेच कोणाला माहीत नाही. म्हणून मीच लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत. का बदलली, ते पुढे कळेल.

धुळे

मी सांगलीला मुलींच्या शाळेत गायन शिकवते. माझी धाकटी बहीण विमल शेतकी कॉलेजात शिकायला गेली आणि तिथून थेट एरंडोलजवळच्या एका गावात सून म्हणून गेली. त्याला वीस-एक वर्षं झाली. दर श्रावणात तिचा निरोप यायचा, "ताई, कानबाईच्या सणाला ये." दर श्रावणात माझी काहीतरी सबब तयार असायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी मात्र तिची मुलगी सुनंदा हिचं लग्न ठरलं होतं. जामनेरची होणारी विहीण कानबाईच्या विसर्जनाला पाहुणी म्हणून येणार होती. "माझ्या माहेरचं कोणीतरी दिसायला नको का?" असं विमल म्हणाली. त्यावर सबब चालेना.

रात्रभर एस.टी.त हाडं खिळखिळी करून घेऊन सकाळी धुळ्याच्या स्टँडवर उतरले. श्रावण असूनही सकाळी सकाळीच घाम. आमच्या सांगलीकडे श्रावणात माणूस शाल शोधतो, इथे मी सावली शोधत होते. चहा घेतला. चहात आलं इतकं की डोळे उघडले. ते पुरते उघडायच्या आत कान मात्र बंद करावेसे वाटले.

स्टँडच्या दाराशी कॅसेटचं दुकान होतं. त्यातून ठप्प, ठप्प, ठप्प, ठप्प असा एकच ठोका चालला होता. त्यावर कुठल्यातरी पेटीचे तीन-चार सूर पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. शब्द नाहीत, मुखडा नाही, अंतरा नाही. मला वाटलं टेप अडकली. दुकानदाराचं भलं करावं म्हणून मी सांगायला गेले.

"अहो, टेप अडकलीय तुमची."

"अडकेल नही ताई, अशीच शे," तो म्हणाला.

"कोणी वाजवलंय?"

"कोनीच नही."

त्यानं कॅसेट काढून हातात दिली. पांढरा कागद, त्यावर अक्षर नाही. वादक नाही, कंपनी नाही. बिननावाची म्हणून तिला सगळे "बिननावनी" म्हणतात, असं त्यानं अगदी सहज सांगितलं. माझा चेहरा पाहून त्याला माझी दया आली असावी. त्यानं मला बाकावर बसवून सगळी कथा सांगितली.

फैजपूरकडची केळी रेल्वेच्या वॅगनमधून दिल्लीला जातात. मालाबरोबर राखणीला माणूस जातो. अशाच एकानं दिल्लीत गोऱ्या पर्यटकांकडून काही कॅसेटी आणल्या. त्यांच्या देशात म्हणे पोरंपोरी रिकाम्या गोदामांत जमतात आणि यंत्रांच्या असल्या ठोक्यावर दिवस उजाडेस्तोवर नाचतात. वाजवणारा कोण हे तिकडेही कोणी विचारत नाही. परतीच्या वाटेवर वॅगनच्या उन्हात त्यातली एक कॅसेट तापली आणि तिची फीत मधेच ताणली गेली. त्या ठिकाणी सूर एकदम खाली बसतो आणि हळूहळू वर येतो. इकडच्या पोरांना वाटलं, वस्तूच तशी आहे. त्यांनी तो गोता घोकून घोकून शिकून घेतला. आता धुळ्यापासून जळगावपर्यंत जे कोणी अशा कॅसेटी करतात, ते सगळे मधे गोता घालतातच.

"म्हणजे ही दिल्लीची नाही?"

"आपलीच शे. धुयानी म्हना, जयगावनी म्हना."

तेवढ्यात गोता आला. सूर असा घसरला की मी बाकाची कड धरली. माझ्या वर्गात एखादी मुलगी अशी घसरली असती तर तिला मी महिनाभर षड्ज लावायला बसवलं असतं. आणि इथे चहाच्या गाडीवरचा पोलीस त्या घसरण्याबरोबर मान खाली नेत होता आणि वर आणत होता! मी ती कॅसेट घेतली. संगीताचं काय वाटोळं झालंय ते सांगलीला दाखवायला पुरावा असावा म्हणून.

एरंडोलजवळ

विमलचं घर मोठं, अंगण त्याहून मोठं. शेतात कापूस, विहिरीच्या बाजूला थोडी केळी. घरात विमल, तिचा नवरा दिलीपराव, सुनंदा, आणि सगळ्यांच्या वर सासरे नाना. नाना उंच, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. गावात कुठलाही तंटा असो, शेवटचा शब्द त्यांचा. सुनंदाला मी चार वर्षांनी पाहत होते. लांब बोटं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता भिंतीकडे बघायची सवय. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिला घेऊन दिलेला विजेवरचा कीबोर्ड मला आठवत होता. तो कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "आहे कुठेतरी."

संध्याकाळी शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. आम्ही स्वतःला तिखट खाणारे म्हणवतो. त्या ठेच्यानं माझा गर्व उतरवला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मी धुळ्याची हकिकत सांगितली, कॅसेट दाखवली आणि माझं मत भरभरून ऐकवलं.

"सोमवारी विसर्जनाला ट्रॉली येईल, तेव्हा ऐकाल," दिलीपराव एवढंच म्हणाले.

"कसली ट्रॉली? कोण वाजवतं त्यात?"

सगळ्यांचे हात ताटात थांबले. विमल माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. नानांनी घास गिळला, ते पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "ट्रॉली वाजस." म्हणजे ट्रॉली वाजते.

"हो, पण ट्रॉली कोण वाजवतं?"

"ट्रॉली वाजस," नाना पुन्हा म्हणाले. त्या आवाजावर आणखी काही विचारायची माझी छाती झाली नाही. मी, जिला शाळेत हेडबाईसुद्धा वचकून असतात!

शनिवारी दिलीपराव मला पद्मालयाला घेऊन गेले. तळ्यात कमळं, भोवती झाडी, गाभाऱ्यात दोन गणपती शेजारी शेजारी. कमळ जवळून बघायच्या हौसेनं मी काठावर गेले आणि माझी उजवी चप्पल चिखलानं गिळली. ती काही परत मिळाली नाही. उरलेली एकच चप्पल पायरीशी काढून मी गणपतीसमोर उभी राहिले. येताना एरंडोलला नवी चप्पल घेतली. तिथेच दिलीपराव म्हणाले, "पाच मिनिटं सपकाळे सरांकडे जाऊ, ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिलाय."

सपकाळे सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. घर टापटीप, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर तारा आणि उघडे पडलेले रेडिओ. ट्रॉलीतली ठोक्यांची पेटी त्यांनी स्वतः जोडलेली. दिलीपराव बाहेर ॲम्प्लिफायर जीपमध्ये ठेवत होते तेवढ्यात मी हळूच विचारलं, "सर, तुम्हीच वाजवता का ते?"

"नाही, ताई. मी जोडून देतो, बिघडलं तर बघतो. मिरवणुकीत वाजवत नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या आजोबांवर ते काम होतं. प्रत्येक मिरवणुकीत पुढे चालायचं, डफडं वाजवायचं आणि देवळाच्या पायरीशी थांबायचं. त्यांना या ट्रॉलीसारखा चारी बाजूंनी पडदा नव्हता. सगळं गाव बघायचं. धम्म घेतला त्या दिवशी आमच्या लोकांनी ते सोडलं."

"आणि आता पडदा का?"

"आत बसतात ती पूर्वी आमच्याकडून वाजवून घेणाऱ्यांच्या घरातली मुलं आहेत. वाजवणं हे त्यांच्याकडे हलकं काम. कोणाचं नाव बाहेर आलं तर उद्या त्या घरात सोयरीक व्हायची नाही. म्हणून पडदा, आणि म्हणून कोणी नाव घेत नाही." ते जरासे हसले, पण त्यांना हसू आलेलं नव्हतं. मी नव्या चपलेकडे बघत बसले.

घरी आल्यावर दुपारी सगळे लवंडले. मला परक्या घरी दुपारची झोप येत नाही. अंगणात फिरताना गोठ्यामागच्या चाऱ्याच्या खोलीतून पायाला ठोका जाणवला. कानाला नव्हे, पायाला. दार ढकललं. कडब्याच्या पेंढ्या छतापर्यंत रचलेल्या, मधे थोडी जागा, आणि त्या जागेत पालथ्या टोपलीवर कीबोर्ड ठेवून बसलेली आमची सुनंदा. केसांत कडब्याची पानं, डोळे मिटलेले. तोच ठोका, तेच सूर, पुन्हा पुन्हा. मग तिनं तो गोता घातला. कॅसेटवरचा, हुबेहूब.

मी तिथेच पेंढीवर बसले.

"सुनंदा! धुळ्याची ती कॅसेट तुझी?"

तिनं डोळे उघडले. दचकली नाही. "एक बाजू," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूचं कोणाचं आहे ते मला माहीत नाही."

"घरी माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. गावालाही. फक्त कोणी म्हणत नाही." मग ती पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली. "मावशी, तीन वर्षं झाली. चुकलं तर कोणी चुकलं म्हणत नाही, जमलं तर जमलं म्हणत नाही. आई म्हणते, ट्रॉली छान वाजली. नाना म्हणतात, ट्रॉली वाजस. सोमवारी शेवटचं. जामनेरच्या लोकांना कळलं तर लग्न मोडेल, आणि नाही कळलं तर तिथे गेल्यावर मी कधीच वाजवणार नाही."

मी गायनाची बाई. माझ्या तोंडून निघालं काय? "पण सुनंदा, हे संगीत नव्हे गं." तिनं मान हलवली आणि पुन्हा डोळे मिटले. ते उत्तर तिला हवं नव्हतं, एवढं मला बाहेर आल्यावर कळलं. पण त्या ठोक्यात चांगलं काय आणि वाईट काय हे मला ओळखूच येत नव्हतं.

रविवार, कानबाई

कानबाई ही खानदेशाची घरची देवी. भिंती नव्यानं सारवलेल्या-रंगवलेल्या, चौरंगावर नारळाला मुखवटा चढवून, नथ-दागिने घालून बसवलेली. आमच्याकडच्या गौरीची आठवण झाली, पण हिचा थाट वेगळा. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबानं सव्वा-सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याच पिठाचे प्रसादाचे रोट करतात. खापरावरच्या पुरणपोळ्या तर बघण्यासारख्या. एका हातावरून दुसऱ्या हातावर नाचवत विमलनं ती पोळी ताटाएवढी केली. माझी बहीण, जिला सांगलीत साधी चपाती गोल यायची नाही!

रोटांच्या वेळी मात्र मला धक्का बसला. "ताई, तू पडवीत बस हां जरा," विमल म्हणाली. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्यानं नाही. दार लोटून घेतलं. सख्खी बहीण आत आणि मी बाहेर पडवीत, हातात पुरणपोळीचं ताट. राग आला, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे पाहुण्याला आधी वाढतात. शेजारी गावातली एक म्हातारी माझ्यासारखीच बाहेर बसली होती. ती माझी समजूत घालत म्हणाली, "वाईट वाटाले नको बाई. ज्येनं त्येनं आपलं. दुसरानं देखाले बी नको." म्हणजे दुसऱ्यानं बघायचंही नसतं. तिनं खरोखरच दाराकडे पाठ केली होती आणि मजेत पोळी खात होती.

रात्री जागरण होतं. मी लवकर झोपले.

सोमवार

सकाळीच जामनेरची मंडळी जीपनं आली. सुनंदाचे होणारे सासरे गोरेपान, बोलके, आल्या आल्या नानांशी कापसाच्या भावात बुडून गेले. सासूबाई सावळ्या, आडव्या बांध्याच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बसल्या तिथून सगळं घर डोळ्यांनी फिरून आल्या. बोलल्या एकच वाक्य, "पोरगी कुठी हाये?" विमलनं गोड हसून थाप मारली, "नदीवर पुढे गेली, मैत्रिणींबरोबर."

ट्रॉली आली. ट्रॅक्टरला जोडलेली, चारी बाजूंनी बांबू, बांबूंना सतरंज्या आणि जुन्या चादरी घट्ट बांधलेल्या. वर चार भोंगे, मागे धडधडणारं जनरेटर. आत कोण ते दिसायला फट नाही. मग तो ठोका सुरू झाला. कॅसेटवर ऐकणं वेगळं आणि उघड्या गल्लीत चार भोंग्यांतून अंगावर घेणं वेगळं. माझ्या बरगड्या वाजत होत्या. पुढे कानबाई डोक्यावर घेतलेल्या बायका, मागे अख्खं गाव. तरुण पोरं नाचत होती हे ठीक. पण सत्तरीची म्हातारी माणसं, कडेवर पोर घेतलेल्या सुना, काल माझी समजूत घालणारी ती म्हातारी, सगळेच! गाणं नाही की शब्द नाहीत, नुसता ठोका, आणि त्यावर सगळं गाव एकदम वर जातंय, एकदम खाली येतंय. गोता आला की सगळे गुडघ्यांत वाकायचे आणि सुराबरोबर हळूहळू उठायचे. कोणी शिकवलं असेल यांना? नाना मात्र काठी टेकून कडेला ताठ चालत होते. ते कधीच नाचत नाहीत, असं विमलनं मला सांगून ठेवलं होतं.

शाळेजवळच्या वळणावर गल्ली अरुंद होते. तिथे एका कडुनिंबाची फांदी खाली आलेली. ट्रॅक्टरवाल्यानं वळण घेतलं, फांदीत बांबू अडकला, आणि काय होतंय ते कळायच्या आत दोन बाजूंच्या सतरंज्या टराटरा फाटून खाली आल्या.

आत सुनंदा. भर उजेडात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, उंचावर. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, दोन्ही हात कीबोर्डवर. आणखी दोघं होती. ती कोण, ते मी सांगणार नाही. सुनंदानं मान वर केली, उघडं आभाळ पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. हात मात्र थांबले नाहीत. कदाचित थांबवायचं भानच राहिलं नसेल.

संपलं, असं मला वाटलं. लग्न मोडलं, घराचं नाव गेलं, विमलचं वीस वर्षांचं सगळं गेलं.

आणि मग त्या गावानं पाठ फिरवली.

कोणी ओरडलं नाही, कोणी खूण केली नाही. शेकडो माणसं जिथे होती तिथेच गर्रकन वळली आणि ट्रॉलीकडे पाठ करून नाचत राहिली. बायकांनी पोरांची तोंडं पदरात घेतली. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. विमल वळली, दिलीपराव वळले. आणि नाना? नानांनी काठी बगलेत धरली, दोन्ही हात वर केले आणि नातीकडे पाठ करून नाचायला लागले. जन्मात न नाचलेला माणूस. त्यांचे पाय ठोक्यात पडत नव्हते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. पाठ फिरवली याला काहीतरी कारण दिसावं, म्हणून ते नाचत होते. मायेनं भरून यावं की संताप करावा, ते मला त्या घटकेला कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मी वळले नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी आ वासून उभी होते, वळायचं सुचलंच नाही. समोर नुसत्या पाठी. टोप्यांच्या, अंबाड्यांच्या, घामानं भिजलेल्या सदऱ्यांच्या. त्या पाठींच्या पलीकडे, शाळेच्या भिंतीला टेकून, एकच तोंड ट्रॉलीकडे होतं. रुपयाएवढ्या कुंकवाचं. जामनेरच्या विहीणबाई सुनंदाकडे टक लावून बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा सुनंदाकडे गेली.

दोन गडी पाठमोरे चालत, माना खाली घालून ट्रॉलीशी गेले. हातानं चाचपत त्यांनी सतरंज्या पुन्हा बांधल्या. गाठ बसली तसं गाव परत वळलं. मिरवणूक नदीकडे निघाली.

दुपारी जेवायला वरण-बट्टी होती. तुपात बुडवलेल्या बट्ट्या एरवी मी चार खाल्ल्या असत्या, त्या दिवशी एकच कुस्करत बसले. जामनेरचे सासरे भरपेट जेवले. मिरवणुकीत ते पुढे कानबाईपाशी होते, त्यांच्यापर्यंत काही पोहोचलंच नव्हतं. विहीणबाई खाली मान घालून जेवल्या. विमल स्वयंपाकघरात माझ्या कानाशी लागली, "त्या कुठे उभ्या होत्या गं? त्यांनी पाहिलं का?" मी काय सांगणार? "गर्दी होती," म्हटलं. सुनंदा नवी साडी नेसून, केस विंचरून आली आणि ताटं उचलायला लागली.

निघायची वेळ झाली. जीप सुरू झाली होती. विमलनं विहीणबाईंची ओटी भरली. पडवीत सगळे उभे, नाना खाटेवर. सुनंदा नमस्कारासाठी वाकली. विहीणबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी पाह्यलं."

विमलच्या हातातली कुंकवाची कोयरी खाली पडली. नाना खाटेवरून उठले. त्यांचा आवाज मऊ होता, जवळजवळ विनवणीचा. "काय देखं बाई तुम्ही? काहीच नही देखं."

"तुमच्या पोरीले वाजवतांना पाह्यलं."

"आमनाकडे तसं म्हनतस नही."

"म्हनत नसतीन. मले डोये हायेत."

जामनेरचे सासरे बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. गावाचे सगळे तंटे मिटवणारे नाना खांबाला धरून उभे होते. आता ही बाई नारळ परत देणार, असं मी धरूनच चालले होते. विमलनं डोळे मिटून घेतले होते.

सुनंदा वाकलेली होती ती सावकाश उभी राहिली. तिनं रडावं, हात जोडावेत, निदान पदर तोंडाला लावावा. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती भिंतीकडेही बघत नव्हती. सासूच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं विचारलं, "कसं वाजनं?"

विहीणबाई खरंच आठवून बघत असाव्यात. उजव्या हाताचं एक बोट ओटीच्या नारळावर ठोक्यात हलत होतं.

"मधी घाई केली तू," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी आली का दमानं वाजव."